पडद्याकडून पेटीकडे

२०२४ च्या जूनमध्ये सांगलीहून भाच्याने मला एक यादी पाठवली. त्याची बारावी झाली होती, प्रवेशाची धावपळ सुरू होती आणि माझ्या बहिणीने त्याच्या कॉम्प्युटरसाठी सत्तर हजार रुपये बाजूला काढले होते. यादी एका दुकानदाराने करून दिलेली. आठ कोरचा प्रोसेसर, ३२ जीबी मेमरी, पाण्याने गार करणारा कूलर, रंगीत दिव्यांचे सहा पंखे, काचेचं कॅबिनेट. ग्राफिक्स कार्ड ४ जीबीचं. वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसपुढे नुसतं '५०० वॅट' लिहिलेलं, कंपनीचं नाव नाही. मॉनिटर यादीत नव्हताच. "हॉलमधला टीव्ही आहे ना मावशी," तो म्हणाला.

एकेक वस्तू सुटी पाहिली तर यादीत नावं ठेवावीत असं फारसं नव्हतं. प्रोसेसर उत्तम, मेमरी भरपूर. पण सगळं मिळून जे मशीन उभं राहिलं असतं ते दिसायला झगमगीत आणि खेळायला दुबळं. कमी पैशांत गेमिंगचा कॉम्प्युटर जोडायचा तर प्रत्येक भाग शेजारच्या भागाकडे बघून निवडावा लागतो, आणि ही निवड सुरू होते ती पेटीच्या बाहेरून. म्हणून मी त्याला आधी पडद्याचंच विचारलं. टीव्ही निघाला ४के, सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा. ४ जीबीच्या कार्डाला याहून मोठी शिक्षा नाही.

का ते सांगते. खेळ चालू असताना आत दोघं राबत असतात. कोण कुठे उभा आहे, गोळी लागली की हुकली, दार उघडलं की नाही, हे प्रोसेसर ठरवतो आणि कार्डाला हुकूम सोडतो. कार्ड तो देखावा ठिपक्या-ठिपक्याने रंगवतं. रंगवून झालेलं एक चित्र म्हणजे एक फ्रेम. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हव्या असतील तर जेमतेम ६.९. आता ठिपके मोजा. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. २५६० बाय १४४० वर ३६,८६,४००, म्हणजे पावणेदोनपटीहून जरा जास्तच. ४के वर ८२,९४,४००, बरोबर चौपट. पडद्यावरचे ठिपके वाढले की कार्डाचं काम वाढत जातं. प्रोसेसरचं मात्र जवळपास होतं तेवढंच राहतं, कारण ठिपके चौपट झाले म्हणून शत्रू चौपट होत नाहीत. सेकंदाच्या फ्रेम वाढवायच्या म्हटल्या की मग दोघांनाही धावावं लागतं.

घरात जुनं मशीन असेल आणि त्यातलं नेमकं काय बदलावं हे कळत नसेल, तर याच हिशेबावर एक सोपी परीक्षा घेता येते. खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन कमी करा. फ्रेम भराभर वाढल्या तर कार्ड कमी पडत होतं. फ्रेम होत्या तिथेच राहिल्या तर प्रोसेसर दमला आहे, आणि नवं कार्ड आणून पैसे वाया जातील.

भाचा मित्रांबरोबर व्हॅलोरंट खेळायचा, जीटीए ५ खेळायचा, आणि सायबरपंक २०७७ कधीतरी खेळायचंच हे त्याने ठरवून ठेवलं होतं. शिवाय 'राजी' हा खेळ त्याला हवा होता. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला, २०२० मध्ये आलेला हा खेळ मी त्याला सुचवला होता, कारण आपल्याकडच्या पुराणकथा आणि वास्तुकला इतक्या मनापासून पडद्यावर आणलेल्या मी आधी पाहिल्या नव्हत्या. या चारांतला सर्वांत जड गडी सायबरपंक. बाकीचे तीन साध्या कार्डावरही चालतात. तेव्हा ठरलं: २४ इंची, १०८० चा, १४४ हर्ट्झच्या पुढचा मॉनिटर. किंमत साडेदहा हजार. सत्तरातले साडेदहा पडद्यावर घालवणं बहिणीला पटेना. पण चांगला मॉनिटर दोन-तीन कार्डं जुनी होईपर्यंत टिकतो, आणि आतल्या सगळ्या भागांनी मिळून केलेलं काम शेवटी त्याच्यावरच दिसतं. घेताना एवढं बघा की तो फ्रीसिंकसारखी सोय देतो. कार्डाची फ्रेम तयार होईल तेव्हाच पडदा चित्र बदलतो, त्यामुळे फ्रेम १४४ वरून ९० वर आल्या तरी चित्र मधोमध फाटल्यासारखं दिसत नाही. बेताच्या कार्डाच्या मालकाला या सोयीची गरज महागड्या कार्डाच्या मालकापेक्षा जास्त.

पडदा ठरला की कार्ड ठरतं. इथेच सर्वांत जास्त पैसा जातो आणि फसगतही इथेच सर्वांत जास्त होते. लोक 'किती जीबी?' एवढंच विचारतात आणि दुकानदारही तेवढंच सांगतो. खरा फरक पडतो तो ती मेमरी किती वेगाने वाचली जाते याने. एनव्हिडियाचं जीटी १०३० नावाचं छोटं कार्ड आहे. सुरुवातीला त्यात जीडीडीआर ५ मेमरी होती आणि वेग सेकंदाला ४८ जीबी. पुढे त्याच नावाने डीडीआर ४ मेमरीचं कार्ड आलं, वेग १६.८ जीबी. नाव तेच, जीबीही तेवढेच, आतली नळी मात्र तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. आरटीएक्स ३०६० चंही तसंच: १२ जीबीचं कार्ड सेकंदाला ३६० जीबी वाचतं, नंतर आलेलं ८ जीबीचं २४०. म्हणून खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नये. पूर्ण मॉडेल, मेमरीचा प्रकार आणि तिची रुंदी किती बिटची आहे, हे तिन्ही विचारावं.

भाच्यासाठी आम्ही घेतलं ते एएमडीचं रेडिऑन आरएक्स ६६००. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आलेलं हे कार्ड तेव्हाही नवं मिळत होतं, साडेवीस हजारांना. ८ जीबी मेमरी, वेग सेकंदाला २२४ जीबी, वीज १३२ वॅट. आरटीएक्स ४०६० जास्त वेगवान आणि विजेला आणखी काटकसरी आहे, पण त्याला सात-आठ हजार जास्त पडत होते आणि मेमरी तीच ८ जीबी. १०८० च्या पडद्यासाठी मला तो सौदा पटला नाही. आज कुणी घेत असेल तर इंटेलचं आर्क बी५८० जरूर बघावं, १२ जीबीचं आहे. अट एकच: मदरबोर्डावर रिसायझेबल बार ही सोय चालू करता आली पाहिजे, नाहीतर ते कार्ड खूप मंदावतं.

कार्डाची मेमरी भरली की काय होतं हे जवळून बघण्यासारखं आहे. भिंतींचे, कपड्यांचे, चेहऱ्यांचे पोत या मेमरीत ठेवलेले असतात. जागा संपली की उरलेले पोत मुख्य मेमरीत जातात आणि लागेल तेव्हा पीसीआय एक्सप्रेसच्या वाटेने मागवावे लागतात. आरएक्स ६६०० या वाटेच्या आठच लेन वापरतं. चौथ्या पिढीच्या बोर्डावर त्या सेकंदाला साधारण १६ जीबी वाहतात, तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर ८. जे काम २२४ च्या वेगाने चाललं होतं ते मध्येच १६ वर किंवा ८ वर येतं. वळणावरून गाडी वळवताना चित्र क्षणभर अडखळतं ते यामुळे. सरासरी फ्रेम चांगल्या दिसतात, खेळताना मात्र जीव वैतागतो. आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डाला तर ४ जीबी मेमरी आणि चारच लेन आहेत. जुन्या बोर्डावर बसवलं की त्याची दमछाक होते. कमी बजेटवाला माणूसच जुन्या बोर्डावर स्वस्त कार्ड बसवतो, आणि नेमका तोच इथे अडकतो.

जुनं कार्ड घ्यावं का, हे प्रत्येक जण विचारतो. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने आपली पद्धत बदलली आणि कार्डांवर ते चलन खणायचं काम एका दिवसात संपलं. रात्रंदिवस राबलेली कार्डं तेव्हा ढिगाने बाजारात आली, आजही फिरत असतात. ती सगळी टाकाऊ आहेत असं मी म्हणणार नाही. चिप सहसा टिकलेली असते, झिजतात ते पंखे आणि मेमरीवरचे थर्मल पॅड. घ्यायचंच तर समोर वीस-पंचवीस मिनिटं खेळ चालवून बघावं, पंख्याची घरघर ऐकावी, पडद्यावर रंगीत ठिपके उमटतात का पाहावं, आणि बिल असेल तरच व्यवहार करावा. 

आता प्रोसेसर आणि बोर्ड. इथे माझा स्वतःचा एक नियम मलाच नडला. नियम असा की जो भाग नंतर सहज बदलता येतो तो आज बेताचा घ्यावा, आणि जो बदलताना सगळं मशीन उचकटावं लागतं तो आज नीट घ्यावा. मेमरी, एसएसडी, कार्ड हे पाच मिनिटांत बदलतात. बोर्ड बदलणं म्हणजे पेटी रिकामी करणं. एएमडीचं एएम ४ सॉकेट २०१७ पासून रायझन प्रोसेसर सांभाळत आलं होतं आणि त्याचा जमाना सरत होता. २०२२ मध्ये आलेल्या एएम ५ ला पुढे बरीच वर्षं नवे प्रोसेसर मिळणार, हे कंपनीने सांगितलेलं. नियमाप्रमाणे एएम ५ घ्यायला हवं होतं. पण तो प्रोसेसर, तो बोर्ड आणि त्याला लागणारी डीडीआर ५ मेमरी मिळून बारा-तेरा हजारांचा फरक पडत होता, आणि ते पैसे कार्डातूनच निघाले असते. उद्याची वाट मोकळी राहावी म्हणून आजचा खेळ अर्धा करायचा का? मी कागदावर दोन्ही याद्या मांडल्या आणि एएम ४ घेतलं. रायझन ५ ५६००, सहा कोर, बारा थ्रेड, साडेअकरा हजार. वाट अगदीच बंद नव्हती: त्याच सॉकेटवर ५७०० एक्स३डी हा आठ कोरचा, मोठ्या कॅशचा (आतल्या झटपट मेमरीचा) प्रोसेसर त्याच वर्षी जानेवारीत आला होता. बजेट ऐंशी-पंच्याऐंशी हजार असतं तर मी एएम ५ कडे गेले असते.

यातली एक बारीक गोष्ट दुकानात फार गोंधळ घालते. ५६०० आणि ५६००जी ही भावंडं वाटतात. 'जी' मध्ये चित्र काढणारा भाग आतच आहे, पण त्याची तिसऱ्या पातळीची कॅश १६ एमबी, साध्या ५६०० ची ३२. शिवाय 'जी' ला पीसीआयची तिसरीच पिढी मिळते. कार्ड लगेच घेणार असाल तर 'जी' घेऊ नका. कार्डाला सध्या पैसेच नसतील आणि दिवाळीनंतर घ्यायचं असेल, तर मात्र 'जी' घेऊन व्हॅलोरंटसारखे खेळ सुरू करता येतात. इंटेलमध्ये उलट खूण आहे: नावामागे 'एफ' असेल तर आत ग्राफिक्स नाही. आय३-१२१००एफ चार कोरचा, आय५-१२४००एफ सहा कोरचा. दोन्ही या बजेटचे उत्तम प्रोसेसर आहेत. फक्त त्यांच्याबरोबर येणारे एच६१० चे स्वस्त बोर्ड मेमरीला दोनच खाचा देतात.

बोर्ड घेतला बी५५०, साडेआठ हजारांचा. ए५२० दोन-अडीच हजारांनी स्वस्त पडला असता, पण तो कार्डाला तिसऱ्या पिढीची वाट देतो. वर सांगितलेले ८ आणि १६ हे आकडे डोक्यात असले की हे अडीच हजार कशाचे ते कळतं.

मेमरी १६ जीबी, पण ८ च्या दोन पट्ट्या. डीडीआर ४ ची ३२०० वाली एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन पट्ट्या दोन वाहिन्यांवर बसवल्या तर ५१.२. 'आत्ता १६ ची एकच घ्या, पुढे दुसरी घाला' हा सल्ला दुकानात हमखास मिळतो. तो मानला की ती दुसरी पट्टी येईपर्यंत मशीन अर्ध्या नळीवर चालतं. ५६००जी सारख्या प्रोसेसरवर, जिथे चित्रही याच मेमरीतून काढलं जातं, त्याचा फटका फार मोठा बसतो. आणि पट्ट्या बसवल्या की बायॉसमध्ये जाऊन एक्सएमपी ही मेमरीला पूर्ण वेग देणारी सोय चालू करायची. नाहीतर ३२०० चे पैसे भरून मेमरी २१३३ किंवा २४०० वरच चालत राहते आणि कुणी काही बोलत नाही. ओळखीच्या घरांतली कितीतरी मशीनं मी अशी वर्षानुवर्षं मंद चाललेली पाहिली आहेत.

एसएसडी एक टीबीची, एनव्हीएमई. जुन्या हार्ड डिस्कवरून कुठल्याही एसएसडीवर आलात तर जमीन-अस्मानाचा फरक पडतो. साध्या एनव्हीएमईवरून सर्वांत वेगवान एनव्हीएमईवर गेलात तर खेळ उघडायला एखाद-दोन सेकंद वाचतात. तेव्हा इथे वेगापेक्षा जागा बघावी. आजचे मोठे खेळ एकेकटे शंभर जीबी खातात.

एसएमपीएसबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचं आहे. खेळताना तो दिसत नाही, त्याने फ्रेम वाढत नाहीत, म्हणून कात्री पहिली त्यालाच लागते. माझं पहिलं मशीन मी असंच जोडलं होतं. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस वर्षभरात एका संध्याकाळी 'फट्' करून गेला आणि जाताना बोर्ड घेऊन गेला. तो डबा मी टाकला नाही. भाचा माझ्याकडे मुंबईला आला तेव्हा तोच त्याच्या हातात दिला आणि लेबल वाचायला सांगितलं. वर मोठ्या अक्षरात ४५० वॅट. खाली बारीक तक्ता: ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट, आणि प्रत्येकासमोर अँपिअर. १२ च्या रकान्यात १६. "गुण," मी म्हणाले. बारा सोळे एकशे ब्याण्णव. आजच्या मशीनमध्ये कार्ड आणि प्रोसेसर दोघंही १२ व्होल्टच्या तारेवर जगतात. ४५० वॅटच्या त्या डब्यात त्यांच्या वाट्याला १९२ वॅट होते; बाकीचे वॅट ज्या तारांवर होते त्यांना आता कुणी विचारत नाही. आता आपल्या मशीनचा हिशेब: कार्ड १३२, प्रोसेसर भारावर पाऊणशेच्या आसपास, बोर्ड-डिस्क-पंखे पन्नास धरा. अडीचशेच्या पुढे गेलं. शिवाय कार्ड क्षणभरासाठी आपल्या आकड्याच्या बरंच वर उसळी मारतं.

आम्ही घेतला ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझचा, साडेचार हजारांना. त्याच्या लेबलवर १२ व्होल्टच्या तारेवर जवळजवळ सगळेच वॅट होते. ८० प्लसची खूण विजेची बचत सांगते. ब्राँझचा एसएमपीएस निम्म्या भारावर साधारण ८५ टक्के वीज कामाला लावतो, उरलेली उष्णता होते. आतला माल कसा आहे हे ती खूण सांगत नाही. ते समजायला हमी बघावी. पाच वर्षांची हमी देणाऱ्या कंपनीला त्या डब्यावर काहीतरी विश्वास असतो. असा एसएमपीएस पुढचं कार्डही सांभाळतो, म्हणून नियमाप्रमाणे तो नीट घ्यायच्या भागांत बसतो.

घरात यूपीएस असेल तर त्याचाही आकडा वाचून घ्यावा. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅट देतो. खेळ चालू असताना लाइट गेली तर सेव्ह करून बंद करण्यापुरता वेळ मिळतो, त्याहून जास्त अपेक्षा करू नये. स्वस्त यूपीएसची वीज पायऱ्या-पायऱ्यांची असते, आणि काही नव्या एसएमपीएसना ती मानवत नाही. लाइट जाताच मशीन बंद पडतं. विकत घेण्याआधी ओळखीच्या कुणाचा लावून पाहता आला तर उत्तम.

कॅबिनेटमध्ये मी एकच गोष्ट बघितली: पुढून हवा येते का. पुढे अखंड काच असलेली पेटी खोलीत शोभून दिसते. पण एप्रिलमध्ये सांगलीत पारा चाळिशीला टेकतो, विदर्भात पंचेचाळीसला. कोंडलेल्या पेटीत कार्ड तापलं की स्वतःला वाचवायला वेग उतरवतं आणि घेतलेले वॅट फुकट जातात. पुढे जाळी, पुढचे पंखे आत ओढणारे, मागचा बाहेर फेकणारा, आणि जाळीवरची धूळ महिन्याला झटकायची. साडेतीन हजार.

बेरीज अडुसष्ट हजार झाली. दोन हजार उरले ते मी खर्चू दिले नाहीत.

खरेदीला भाचा महालक्ष्मी एक्स्प्रेसने आला. ग्रँट रोड स्टेशनाच्या पूर्वेला उतरलं की चार पावलांवर लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण सुटे भाग घेणाऱ्याच्या तोंडी लॅमिंग्टनच. इंटरनेटवरचे भाव आम्ही आदल्या रात्री वहीत लिहून नेले होते. एका दुकानात भाव मान्य झाला, पण बोर्ड 'आमच्या' कंपनीचा घ्या म्हणून आग्रह सुरू झाला. तिथून आम्ही निघालो. दुसरीकडे सगळं यादीप्रमाणे मिळालं. घेताना प्रत्येक खोक्याचं सील बघितलं, सिरियल नंबर बिलावर लिहून घेतला, १८ टक्के जीएसटी धरून पक्कं बिल घेतलं. कच्च्या बिलात थोडे पैसे वाचतात; वर्षाने कार्ड बिघडलं की त्या कागदाला किंमत राहत नाही.

जोडणी माझ्या जेवणाच्या टेबलावर झाली. हे घरी करता येतं याचं श्रेय जुन्या निर्णयांना आहे. आयबीएमने १९८१ च्या पीसीची रचना इतरांना वापरण्याजोगी मोकळी ठेवली, आणि इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हे माप ठरवलं. त्यामुळे तैवानच्या कुठल्याही कंपनीचा बोर्ड आपल्याकडच्या त्या मापाच्या कुठल्याही पेटीत त्याच स्क्रूंवर बसतो. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवला, तो आपल्या वजनानेच आत बसला, दांडी खाली केली. मेमरीच्या पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, 'टक्' असा आवाज येईपर्यंत. हे सगळं आधी पेटीबाहेर, बोर्डाच्याच खोक्यावर ठेवून चालू करून बघितलं. पेटीत घालून मग दोष शोधत बसण्यापेक्षा हे फार बरं.

पेटीत बसवल्यावर मात्र पडदा काळा. पंखे फिरत होते, दिवे लागले होते, चित्र नाही. भाच्याचा चेहरा उतरला. मी त्याला काही सांगितलं नाही, फक्त मागे जाऊन केबल कुठे लावली आहे ते बघ म्हणाले. मॉनिटरची केबल त्याने बोर्डाच्या भोकात लावली होती. साध्या ५६०० ला चित्र काढताच येत नाही, तिथून काय येणार! केबल खालच्या बाजूला, कार्डात लावली आणि पडदा उजळला. विंडोज टाकून झाल्यावर मी आणखी एक गोष्ट करवून घेतली: डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये पडदा ६० हर्ट्झवरच होता, तो १४४ वर नेला. माउसचा बाण हलवून त्याने लगेच माझ्याकडे बघितलं.

त्यानंतर भाव बरेच हलले. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत मेमरी भडकली. एआयच्या डेटा सेंटरांकडून मागणी इतकी वाढली की मेमरीच्या कंपन्यांनी उत्पादन तिकडे वळवलं. मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये क्रुशल हा आपला घरगुती ग्राहकांचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे मेमरीला मी दिलेला साडेतीन हजारांचा आकडा आज कुणी दुकानात दाखवू नये. आज जोडायचं तर मेमरीचा वाटा मोठा धरावा लागेल, आणि जुन्या मशीनमधली डीडीआर ४ कुणी देत असेल तर घेण्यात काही कमीपणा नाही. मेमरी क्वचित बिघडते आणि रात्रभर चाचणी चालवून तिची खात्री करता येते. भाच्याच्या बोर्डावरच्या दोन खाचा अजून रिकाम्या आहेत. तो भाव उतरायची वाट बघतो आहे.

राखून ठेवलेल्या दोन हजारांचं सांगायचं राहिलं. मशीन सांगलीला पोचून आठवडा झाला तेव्हा त्याचा फोन आला. "मावशी, पेटीला हात लावला की झिणझिण्या येतात." एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतली खरखर गाळायला छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रलपासून पेटीच्या धातूला जोडलेले. अर्थिंग असेल तर त्यांतून गळणारा किंचित प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर धातू अधांतरी राहतो, २३० च्या निम्म्या दाबावर, आणि हात लागला की झिणझिणतो. प्रवाह अगदी थोडा असला तरी केबल लावता-काढताना त्याने एखादा पोर्ट जळू शकतो, आणि मुळात घराला अर्थिंग नसणं ही माणसाच्या जिवाची गोष्ट आहे. जुनं घर, तीन भोकांचे सॉकेट, पण तिसऱ्या भोकामागे तारच नव्हती. मी बहिणीला वायरमन बोलवायला सांगितलं. त्याने परसात खड्डा घेतला, कोळसा आणि मीठ भरून पट्टी पुरली, वर पाणी ओतलं आणि तार घरातल्या विजेच्या बोर्डापर्यंत आणली. मजुरीसकट सतराशे रुपये झाले.

रात्री भाच्याचा मेसेज आला: "गेल्या झिणझिण्या. आईच्या फ्रिजच्यापण."